श्री नसलेलं पत्र

“फाड! आधी फाड ते, अनसा. पुढं वाचू नको.”

आत्याबाई उंबऱ्याच्या आत, मी बाहेर पायरीवर. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला तसंच म्हणायची रीत. माझ्या हातात त्यांच्या धाकट्या मुलाचं, हिंदुराव भावोजींचं पत्र होतं. आत पाटावर लक्ष्मीचा कलश मांडलेला. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, माझं उद्यापन. संध्याकाळी सात सवाष्णी हळदीकुंकवाला यायच्या होत्या. आणि भावोजींची पलटण पूर्वेच्या सीमेवर तेरा दिवस लढत होती. सन एकाहत्तर.

पत्र उघडलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, डोक्यावर श्री नाही. मयताच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. तरी मी वाचायला सुरुवात केली, कारण अक्षर भावोजींचं होतं. ज्याचं अक्षर आहे तो आहे, एवढंच त्या क्षणी मला कळत होतं. “सौ. वहिनीस. शेजारच्या वाडीचा आपला तात्याबा काल गेला. मी त्याच्याजवळच होतो,” इतकं वाचलं आणि आत्याबाई ओरडल्या.

“आत्याबाई, खाली आणखी लिवलंय. तेवढं वाचू द्या की.”

“मरणाची खबर हाय त्यात. लक्ष्मी बसलीया घरात, दिसत न्हाई तुला? माझं पोर तकडं गोळ्यांच्या तोंडाला, अन् तू असलं कागद दारात धरून हुबी? फाड म्हन्ते ना!”

मी फाडलं. आधी उभं, मग आडवं. चार तुकडे झाले.

“उकिरड्यावर टाक. अन् हातपाय धुतल्याबिगर आत येऊ नको.”

मी उकिरड्यापर्यंत गेलेही. पण शेणात भावोजींचं अक्षर टाकायला हात होईना. गोठ्याच्या दगडी भिंतीत एक फट होती, तिच्यात चारी तुकडे सरकवून दिले. म्हटलं, उद्या उपास सुटला की ओढ्याला नेऊन सोडीन. मग पायांवर पाणी घेतलं आणि आत येऊन कलशापुढं बसले. पण त्या दिवशी कहाणी वाचताना दोनदा ओळ चुकले.

संध्याकाळी सवाष्णी ओटी घेत होत्या तेवढ्यात सरपंचांच्या घरून आरडाओरडा आला. रेडिओवर सांगितलं होतं, लढाई संपली. आत्याबाईंनी डब्यातली होती नव्हती ती साखर परातीत ओतली आणि अनवाणीच वाडीभर वाटत सुटल्या. “माझं पोर जिंकलं! येतंय आता!” मला म्हणाल्या, “बघ, तवाच फाडाय लावलं म्हणून.”

ओढ्याला जायचं राहूनच गेलं.

सोमवारी तार आली. हिंदुराव बारा तारखेला, रविवारी, पडले होते.

* * *

त्या घरात मग काय झालं ते लिहीत नाही. ज्यांच्या घरी झालं त्यांना ठाऊक आहे.

मला आठवतं ते एवढंच, की त्याच संध्याकाळी, बायका आत्याबाईंना धरून बसल्या होत्या तेव्हा, मी गोठ्यात धावले. फटीत हात घातला. तीनच तुकडे निघाले.

वरचे दोन होते. खालचा डावा होता. उजवा नव्हता. मी भिंत चाचपली, गव्हाण उपसली, म्हशीच्या पायाखालचं शेण हातानं चिवडलं. चिमणीनं नेला असेल, उंदरानं कुरतडला असेल, रेडकानं चघळला असेल. वरच्या दोन तुकड्यांत तात्याबाचं सगळं होतं: कसा गेला, शेवटी पाणी कुणी पाजलं. आणि सरकारी तार येईपर्यंत त्याच्या आईला कळवू नका, हेही. पण खालच्या तुकड्यावर अर्ध्या अर्ध्या ओळी होत्या.

“वहिनी, मला ठाऊक आहे,”

“म्हणून आईसाठी जे मनात”

“तिच्या पत्राचं उत्तर”

“उद्या”

“हे मात्र”

आणि प्रत्येक ओळीपुढं फाटकी कड.

ते तुकडे मी देव्हाऱ्याखालच्या फळीवर, पोथीच्या रुमालात दडवले. पहाटेची आंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय आणि मगच चहा, हा माझा तेव्हाचा नेम, आजही आहे. पण त्या दिवसांत अध्याय वाचताना डोळ्यांपुढं पोथीची ओळ नसायची. ‘म्हणून आईसाठी जे मनात’ असायचं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. मरणाचं पत्र घराबाहेर टाक म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भिंतीत का होईना, ठेवलं होतं. आणि चौथ्या दिवशी आमच्याच दारात तार आली होती. हे मी कुणाला म्हणजे कुणाला बोलले नाही, ह्यांनासुद्धा नाही.

‘तिच्या पत्राचं उत्तर’ म्हणजे कोणत्या पत्राचं, ते मला ठाऊक होतं. ते पत्र मीच लिहिलं होतं.

दिवाळीच्या आधी भावोजी महिन्याच्या सुट्टीवर आले होते. आत्याबाईंनी त्यांच्यासाठी म्हसवडची मुलगी बघून ठेवलेली. बघायला जायचं ठरलं, आणि आदल्या दिवशी पलटणीची तार आली, सुट्टी रद्द, लगेच या. आत्याबाईंना वाटलं हे भावोजींचंच सोंग. मुलगी टाळायला मित्राकडून तार करवली. भावोजी ट्रंक उचलून पाया पडायला वाकले, तर आत्याबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. डोक्यावर हात ठेवला नाही.

“आई, जातो गं.”

“जा. तुला कोण धरलंय?”

नंतरच्या दोन पत्रांत भावोजींनी ह्यांना लिहिलं, मला लिहिलं. आईचं नाव नव्हतं. वाचून झालं की आत्याबाई विचारायच्या, “माझ्यासाठी काय हाय?”

“काही न्हाई, आत्याबाई.”

“नमस्कार बी न्हाई?”

“न्हाई.”

“खोटं बोलायला काय झालं हुतं तुला? नमस्कार म्हनला, म्हनली असतीस तर जीभ झडली असती?”

“आज एकादस हाय, आत्याबाई. उपासाला खोटं न्हाई बोलत मी.”

“तुझे उपास म्हंजे माझ्या जिवाला तरास बघ.”

मग लढाईच्या वार्ता सगळीकडं ऐकू यायला लागल्या आणि एका दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, लिही. मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं: ‘पोरा, तू पाया पडलास तवा मी हात ठेवला न्हाई. चुकलं. राग धरू नको. राग गेला का ते माझ्या नावानं कळव.’

ह्याचं उत्तर त्या पत्रात होतं. आणि ते मी फाडलं होतं, अर्ध्यात.

* * *

रथसप्तमीनंतर पलटणीतले एक हवालदार भावोजींची ट्रंक घेऊन आले. काळी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव. हवालदारांनी चहा घेतला नाही. जाताना आत्याबाईंना म्हणाले, “मावशी, रोज रात्री तुमची पत्रं उशाला घेऊन झोपायचा तो.”

ट्रंकेत कपडे होते, दाढीचं सामान होतं, एक चार-पाच कोऱ्या अंतर्देशीय पत्रांची चळत होती, आणि नाडीनं बांधलेली आमची पत्रं. सतरा. सगळी माझ्या अक्षरात. कोरी पत्रं मी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवून दिली. त्यातल्या दोनांवर मी लगेच नातलगांना कळवलंही.

आत्याबाईंनी ती नाडी सोडली नाही. ओसरीवर खुंटीला वाकवलेली तार असायची. आलेलं पत्र वाचलं की तिच्यात टोचायचं, अशी सगळ्या घरांची रीत. भावोजींची अठरा पत्रं तिथं लटकत होती. त्यांनी ती तार खाली उतरवली, दोन्ही गठ्ठे मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, “हे त्याचं. हे माझं. अनसा, जोडी लाव. त्यानं इचारलं, मी सांगिटलं. मी इचारलं, त्यानं सांगिटलं. रोज एक जोडी वाचायची. तुझी पोथी झाली की माझी.”

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. पहाटे माझा अध्याय, मग आत्याबाईंची जोडी. त्या आंघोळ करून, पदर घेऊन बसायच्या. ‘श्री. तीर्थरूप आईस बालके हिंदुरावचा शिरसाष्टांग नमस्कार’ इथून प्रत्येक पत्र सुरू व्हायचं, आणि प्रत्येक वेळी त्या हात जोडायच्या, देवाला जोडतात तसे.

कधी हसायच्या. ‘इथं डाळ पाण्यासारखी असते, आईनं येऊन ह्या लांगऱ्याला, आमच्या आचाऱ्याला, दोन शिव्या द्याव्यात’ ही ओळ त्यांनी चारदा वाचायला लावली. “दिल्या असत्या,” म्हणाल्या. “चांगल्या दिल्या असत्या.”

पण मला एकेक जोडी संपल्याची भीती वाटत होती. आज बारावी. आज तेरावी. गठ्ठा पातळ होत चालला होता. शेवटी आत्याबाईंचं ते माफीचं पत्र येणार आणि त्याच्या जोडीला काही नसणार. आत्याबाई विचारणार, उत्तर कुठाय? आणि मी काय सांगू? उकिरड्यावर टाकलं, असं त्यांना वाटत होतं. तीन तुकडे काढून दाखवले तर आधी विचारतील, ठेवलेस कशाला? माझ्या पोराची तार आली ती तुझ्यापायी का? नाही दाखवले, तर त्यांच्या पोराचं शेवटचं अक्षर मी पोथीच्या रुमालात दडवून ठेवायचं आणि त्या आईला माहीत नसायचं.

मी भाकरी करपवू लागले. तुळशीला दोनदा पाणी घालू लागले. एकदा ह्यांनी विचारलंच, “काय झालंय गं? सारखी त्या फळीकडं काय बघतीस?”

“झुरळं झालीत,” म्हणाले. त्या दिवशी उपास नव्हता म्हणून बोलू शकले. पण देवापुढं नाक घासलं.

शेवटची दोन पत्रं वाचली, आईचं नाव नसलेली. आत्याबाई म्हणाल्या, “आता उद्या माझं एकलं पत्र. व्हय ना?”

“व्हय.”

“उद्या काय हाय?”

“एकादशी.”

“मग तर बरंच झालं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी रात्रभर कूस बदलत राहिले.

* * *

माघातली वद्य एकादशी. अध्याय झाला. आत्याबाई समोर येऊन बसल्या. ते पत्र मी हातात घेतलं. ‘पोरा, तू पाया पडलास तवा मी हात ठेवला न्हाई,’ इथवर वाचलं आणि थांबले.

“वाच की.”

मी पोथीचा रुमाल उघडला आणि तीन तुकडे त्यांच्यापुढं ठेवले.

“आत्याबाई, मी टाकलं न्हाई. गोठ्याच्या भिंतीत ठिवलं. तुमचं ऐकलं न्हाई मी. मरणाचं कागद घरात ठिवलं, अन् चौथ्या दिवशी... माझ्यामुळं झालं ते.” तुकडे जागच्या जागी सरकवले. “एक तुकडा गेला. लई हुडकला. अर्धंच ऱ्हायलंय.”

 मला वाटलं आता हात उगारतील, आणि खरं सांगते, उगारला असता तर बरं वाटलं असतं.

त्यांनी कमरेची चंची काढली. पान, सुपारी, चुन्याची डबी एकेक करून बाहेर ठेवली. सगळ्यात आतल्या कप्प्यात बोट घालून एक घडी काढली आणि माझ्या तीन तुकड्यांशेजारी मांडली. काताचे डाग पडलेला, चुन्यानं कड पांढरी झालेली. चौथा तुकडा.

“गुरुवारी सांजचं धार काढाय गेले तवा बघितलं,” त्या खाली बघत म्हणाल्या. “भितीत पांढरं दिसलं. मला वाचाय येत न्हाई. म्हटलं, अक्षर तरी ऱ्हाऊ दे त्याचं. चारी घेतलं असतं तर तुला कळलं असतं. म्हणून एकच घेतला.” मग अगदी हळू, “तुला फाडाय लावलं, अन् आपण कमरंला बांधून हिंडले. मी ठिवला म्हणून माझं पोर गेलं, अनसा. तुझ्यामुळं न्हाई.”

“असं नगा म्हणू.”

“मग कुणामुळं?”

आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा, दोन महिन्यांत पहिल्यांदा, मला साधी गोष्ट दिसली. “आत्याबाई, पत्र गुरुवारी आलं. सोळा तारीख. भावोजी कधी गेले?”

“आयतवारी. बाराला.” त्यांनी बोटं मोजायला घेतली. आयतवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. करंगळीवर थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजली. “म्हंजी पत्र आलं तवा...”

“ते आधीच गेले हुते. तुम्ही फाडा म्हणायच्या आधी. मी ठेवायच्या आधी.”

त्यांनी बोटं मिटली आणि चारी तुकडे एकमेकांजवळ सरकवले.

“खळ आणू का? चिकटवते,” मी म्हणाले.

“खळीला कसर लागती. शिव.”

मी सुईत पांढरा दोरा ओवला आणि गोधडीला ठिगळ लावतात तसे चारी तुकडे शिवले.  आत्याबाईंनी कागद दोन्ही बाजूंनी धरून ठेवला होता. मग मी वाचलं.

“वहिनी, मला ठाऊक आहे, आई हे पत्र घरात ठेवू देणार नाही. म्हणून आईसाठी जे मनात आहे ते ह्या कागदावर नको. तिच्या पत्राचं उत्तर कोऱ्या पत्रावर वेगळं लिहायला घेतलंय. उद्या पुरं करतो. ते तारेला लावा. हे मात्र वाचून फाडा.”

दोन महिने ज्या तुकड्यासाठी मी शेण चिवडलं, त्याच्यात हे होतं.

“बघ,” आत्याबाई म्हणाल्या. “फाडा म्हनतंय. आईची रीत ठाव हुती त्याला. आपण ऐकलंच की त्याचं.” आणि मग एकदम, “कोरी पत्रं कुठं ठिवलीस?”

 दोन मी वापरली होती. ती लिहिताना पुरती उघडली होती, कोरी होती, हे मी स्वतःला बजावत फळीपाशी गेले. तीन राहिली होती. पहिलं उलगडलं, कोरं. दुसरं, कोरं. तिसऱ्याच्या घडीत, आतल्या बाजूला, वर मध्यभागी श्री होता. त्याखाली एक ओळ. बाकी सगळा कागद निळा, मोकळा.

“काय लिवलंय?”

“एकच ओळ हाय, आत्याबाई. पुढं काही न्हाई.”

“राग गेला का न्हाई, ते?”

खोटं बोलायचं असतं तर तेव्हा. ‘गेला म्हणतात’ एवढे दोन शब्द. पण एकादशी होती, आणि एकादशी नसती तरी त्या दिवशी मला ते जमलं नसतं.

“ते न्हाई लिवलेलं.”

“जेवढं हाय तेवढं वाच.”

“श्री. तीर्थरूप आईस बालके हिंदुरावचा शिरसाष्टांग नमस्कार.”

आत्याबाईंनी ह्या वेळी हात जोडले नाहीत. उठून देवापुढच्या विझत्या दिव्यात तेल ओतलं, आणि पंजाला लागलेलं तेल पुसलंही नाही. पत्र त्यांनी जमिनीवर, आपल्या पायांपाशी ठेवायला लावलं. मग पुढं झुकल्या आणि त्या ओळीवर उजव्या हाताचा पंजा ठेवला. सगळा पंजा, बोटं पसरून. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. बाहेर म्हैस ओरडायला लागली, धारेची वेळ टळून गेली होती, तरी त्यांनी तो उचलला नाही.

* * *

शिवलेलं पत्र दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी स्वतः तात्याबाच्या आईला नेऊन दिलं. “तुझ्या लेकाला पाणी कुणी पाजलं ते लिवलंय. ठिव, न्हाईतर फाड. तुझं हाय,” एवढंच म्हणाल्या. तिनं ते ठेवलं. आत्याबाईंना जाऊन आता तीस वर्षं झाली. बाकीची छत्तीस पत्रं माझ्याकडं आहेत. दर नागपंचमीनंतर ऊन पडलं की मी ती वाळवते, मध्ये कडुलिंबाचा पाला घालते.

मागच्या वर्षी नात आली, कल्याणी. म्हणाली, आजी, ही तार गंजलीय, पत्रांना डाग पडताहेत, मी सगळी प्लास्टिकच्या पाकिटांत घालून देते. दोन दिवस बसून तिनं सगळी नीट लावली, तारखेनं. शेवटचं हातात घेतलं आणि उजेडात धरून बघत राहिली.

“आजी, ह्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही. एक ओळ फक्त. आणि सगळीकडं तेलाचा डाग आहे, केवढा मोठा. पावडर लावून काढू का? निघेल.”

“नको गं,” मी म्हणाले. “ते उत्तर आहे.”